रंगवलेली रुक्मिणी

ओमानमध्ये, बरक्याच्या पुढे समुद्राला लागून एक हॉटेल उभं राहत होतं. फाटकापासून आत जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रुक्मिणीचं कुंपण लावायचं ठरलं होतं. नर्सरीवाले तिला इक्झोरा म्हणतात. गर्द, चकचकीत पानं आणि वर शेंदरी फुलांचे गच्च झुबके. मी तेव्हा बागा उभारून देणाऱ्या एका कंपनीत नोकरीला होते. कंपनीची नर्सरी बरक्यात आणि आमचं भाड्याचं घर मस्कतमधल्या अल् घुब्रात. लावलेल्या झाडांची तब्येत बघणं हे माझं काम होतं, आणि तेवढ्यासाठीच आपल्याला घेतोय असं मला मुलाखतीत सांगितलं होतं.

हे मी मुद्दाम आधी सांगून ठेवते. कारण पुढे जे घडलं त्यात घरच्यांपासून कंपनीतल्या क्लार्कपर्यंत सगळ्यांनी मला एकच प्रश्न विचारला. तुम्हाला काय एवढं पडलंय? मला पडलं होतं, कारण ते माझं काम होतं.

मी वसईची. आमची फुलांची वाडी होती. मोगरा, गुलाब, सोनटक्का. उन्हाळ्यात बावखल, म्हणजे वाडीतलं छोटं तळं, आटलं की पप्पा गडी लावून त्यातला काळा गाळ उपसायचे आणि वाडीभर पसरायचे. त्याच्यावर शेणखत, सुक्या मासळीचा चुरा, एरंडीची पेंड. त्या दिवसांत आमच्या घराला असा वास यायचा की पाहुणे ओटीवरच बसायचे. फुलांचं कौतुक कुणी केलं की पप्पा म्हणायचे, फुलाला काय बघता, खाली बघा. पुढे मी कृषी महाविद्यालयात शिकले, तिथे त्याच गोष्टींची नावं कळली. नत्र, स्फुरद, पालाश, लोह, आणि सामू म्हणजे पीएच. लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीपायी मस्कतला आले. मुलगी शाळेत जायला लागल्यावर ही नोकरी धरली.

हॉटेलची जागा बघायला मला नेलं ते आमच्या फोरमननं. तो श्रीवर्धनकडचा, वयानं माझ्यापेक्षा मोठा, ओमानमध्ये माझ्या कितीतरी आधी आलेला. मी त्याला भाई म्हणायची, तो मला बाय म्हणायचा. रोज सकाळी कंपनीची पिकअप घेऊन तो मला न्यायला यायचा. त्या दिवशी गाडीतून उतरल्यावर मी रस्त्याकडेचे चर पाहिले आणि तिथेच उकिडवी बसले. ती माती नव्हतीच. खाली बांधकामाचं उरलेलं सिमेंट आणि चुनखडीच्या कपच्या, वर शिंपल्यांचा चुरा मिसळलेली वाळू. पाणी द्यायचं ते मचूळ. आणि त्यात लावायची रुक्मिणी. जी आंबट मातीत सुखानं राहते, आमच्या कोकणातल्या जांभ्यावर काही न करता फुलते, ती.

"भाई, इथे हे झाड जगणार नाही," मी म्हटलं.

"बाय, कोनाला सांगतां? मला की सायबाला?"

साहेब म्हणजे आमचे प्रोजेक्ट मॅनेजर. पुण्याचे. वय माझ्याएवढंच, बोलणं गोड, शर्टाला कधी सुरकुती नाही. मराठी माणूस आहे म्हणून सुरुवातीला मला फार बरं वाटलं होतं. दिवाळीला त्यांनी आम्हाला घरी फराळाला बोलावलं होतं आणि नाताळात मी त्यांच्याकडे केक पाठवला होता. त्यामुळे त्यांच्या पोर्टा केबिनमध्ये जाताना मी घाबरले वगैरे नव्हते. मी मातीची पिशवी घेऊन गेले, आणि जाताना लेबर कॅम्पच्या स्वयंपाकघरातून व्हिनेगरची बाटली उचलली.

त्यांच्या टेबलावर कागदाच्या पेल्यात मूठभर माती घातली आणि वर व्हिनेगर ओतलं. माती सोड्यासारखी फसफसली. फेस पेल्याच्या काठापर्यंत आला.

"हा चुना आहे सर," मी म्हटलं. "जमिनीचा सामू आठच्या वर आहे, मीटरनंही मोजलाय. अशा मातीत लोह असलं तरी मुळांना उचलता येत नाही. पानं पिवळी पडतील. आधी कोवळी पानं, मग सगळीच. चर खोल खणून माती बदलू या, पीट मॉस आणि कंपोस्ट भरू या, गंधक मिसळू या. नाहीतर झाड बदलू या. बोगनवेल लावा, कण्हेर लावा, ती इथे मजेत राहतात."

त्यांनी फेसाकडे पाहिलं आणि पेला बोटानं हळूच बाजूला सरकवला.

"मॅडम, ड्रॉइंगमध्ये इक्झोरा आहे. ड्रॉइंग कन्सल्टंटनं पास केलंय. आणि खरं सांगू का, क्लायंटला सामू नको असतो. क्लायंटला हिरवं हवं असतं."

हे वाक्य त्यांनी हसत म्हटलं होतं. मीही थोडं हसले. ते हसू आजही माझ्या तोंडात कडू लागतं.

झाडं आली. परदेशातून आलेली, नारळाच्या भुशात वाढवलेली, पानांवरून बोट फिरवलं तर घसरेल अशी तुकतुकीत. माळ्यांनी ती चरांतल्या त्या चुन्यात लावली आणि ठिबकच्या नळ्या जोडल्या. पहिल्यांदा सगळं छान दिसलं. साहेबांनी फोटो काढून वर पाठवले. मग मुळं भुशाच्या गोळ्यातून बाहेर आली आणि खऱ्या जमिनीला लागली. त्यानंतर शेंड्याची पानं फिकी पडू लागली. शिरा तेवढ्या हिरव्या आणि मधली जागा लिंबाच्या सालीसारखी पिवळी. कुठल्याही शेतकी पुस्तकात असतं तसं तंतोतंत चित्र. मी दर पाहणीत सांगत होते. पाणी कमी नाही, पाणी जास्त नाही, कीड नाही, लोह मिळत नाहीये.

साहेबांनी काय केलं, तर डीएपी खत टाकायला लावलं. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की फुलांना स्फुरद लागतं. लागतं, पण आधीच लोहासाठी तडफडणाऱ्या झाडाला स्फुरदाचा मारा केला की उरलंसुरलं लोहही अडकून पडतं. मी सांगितलं. त्यांनी युरिया वाढवला. युरियानं झाडांनी जोर करून नवी पालवी काढली, आणि ती पालवी आधीच्याहून पिवळी निघाली. काही तर पांढरट, कागदासारखी, कडा जळलेली.

"तुम्ही काहीतरी औषध सांगा ना," एकदा ते वैतागून म्हणाले. "नुसतं नाही नाही काय म्हणता?"

मी सांगितलं, चिलेटेड लोह. या जमिनीत टिकेल असं, मुळाशी घालायचं. नर्सरीत त्याचे डबे होते. गडद लाल भुकटी, पाण्यात टाकली की काळ्या द्राक्षांच्या रसासारखा रंग होतो. साहेब लगेच राजी झाले. मी एका टोकाला थोड्या झाडांना घालून दाखवलं. त्यातले चार थेंब उडून रस्त्याच्या कडेच्या पांढऱ्या दगडावर पडले. तांबडे डाग. साहेबांनी वाकून ते डाग पाहिले, अंगठ्यानं घासून पाहिले, आणि उठून म्हणाले, "हे बंद करा. हा दगड बाहेरून मागवलाय."

झाडापेक्षा दगडाच्या पांढरेपणाची काळजी जास्त. तिथे मला पहिल्यांदा खरा राग आला. आधीचा होता तो वैताग होता.

त्या रागातच मी हॉटेलच्या मागे, धुलाईघराच्या भिंतीला लागून एक पट्टा मागून घेतला. तिथे पाहुणे येणार नव्हते, पांढरा दगडही नव्हता. साहेब म्हणाले, हौस भागवून घ्या. भाई आणि एका माळ्यानं मला मदत केली. हा माळी बांगलादेशचा, तोंडातून शब्द न काढणारा माणूस. आम्ही खोल चर घेतला, सिमेंट आणि खडी उपसून टाकली, पीट आणि नर्सरीतलं जुनं कुजलेलं खत भरलं, गंधक मिसळलं. पुढच्या रांगेतली अगदी मरायला टेकलेली काही झाडं तिथे हलवली. पट्ट्याच्या अर्ध्या भागात लोह घातलं, अर्ध्यात नाही, म्हणजे फरक बघायला मिळावा.

दोन्हीकडे फरक पडला. लोह घातलेल्या भागात लवकर, दुसरीकडे सावकाश. शेंड्यातून नवी पानं आली ती हिरवी आली. थंडी संपत आली तेव्हा त्या धुलाईघरामागे, जिथे फक्त उद्घाटनासाठी धुतलेल्या नव्या चादरी वाळत होत्या, तिथे रुक्मिणीनं झुबके धरले. भाई दुपारचा डबा तिथेच बसून खायचा.

"बाय, पुढं सगला मसनवटा आन मागं बाग," तो म्हणाला. "पावन्यानला मागच्या दारानं घ्यायला सांगा."

मी साहेबांना बोलावून आणलं. मला वाटलं, आता डोळ्यांनी बघितल्यावर तरी पटेल. मी त्यांना दोन्ही भाग दाखवले, मुळांजवळची माती उकरून दाखवली. उद्घाटनाला अजून वेळ आहे, पुढचे चरही असेच भरून घेऊ या, मी आणि भाई उभं राहून करून घेतो, म्हटलं. त्यांनी शांतपणे सगळं ऐकलं. कौतुकही केलं.

"एक्सलंट," ते म्हणाले. "ही सगळी उपटा आणि फाटकाजवळ लावा. एंट्रीला ही दिसली पाहिजेत."

"त्याच मातीत?"

"उद्घाटनापर्यंत टिकतील ना?"

मी काय उत्तर दिलं ते मला नीट आठवत नाही. आवाज चढला होता एवढं आठवतं, कारण धुलाईघरातली माणसं बाहेर येऊन बघायला लागली. साहेब म्हणाले, मॅडम, सगळ्यांसमोर नको. नंतर माझ्या गैरहजेरीत, मी नर्सरीत असताना, ती झाडं उपटली गेली. भाईनं संध्याकाळी गाडीत बसल्यावर सांगितलं. त्यालाच उभं राहून उपटून घ्यावी लागली होती.

फुललेलं झाड उपटलं की ते रुसतं. आमच्या वाडीत लहान पोरांनाही हे ठाऊक असायचं. फाटकाजवळ गेल्यावर त्यांची फुलं गळली, आणि मुळं पुन्हा चुन्याला लागल्यावर पानं पुन्हा पिवळी झाली.

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी मी पोचले तेव्हा फाटकापाशीच रंगाचा वास आला. मला वाटलं भिंतीला शेवटचा हात देतायत. मग पाहिलं तर माळी पाठीवर फवारणीचे पंप घेऊन रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी चालले होते आणि झाडांवर हिरवा रंग मारत होते. पानांवर, कळ्यांवर, फांद्यांवर, ठिबकच्या नळ्यांवर. पांढऱ्या दगडावर मात्र प्लास्टिक अंथरलं होतं.

साहेब मध्यभागी उभे होते.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"कलरंट आहे. गवतावर मारतात तोच. सगळीकडे मारतात."

"गवतावरही मारू नये. पण ही पानं आहेत सर. पानाला श्वास घ्यायचा असतो. हे रंध्रांवर बसलं की उरलेला जीवही जाईल."

"आजचा दिवस जाऊ दे, मॅडम. उद्या तुम्ही म्हणाल ते करू. प्रॉमिस."

भाई लांब उभा होता, आमच्याकडे पाठ करून. माझ्यासोबत धुलाईघरामागे राबलेल्या त्या माळ्याच्या पाठीवरही पंप होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. मी त्याला तरी काय म्हणणार होते. त्याला जे सांगितलं ते तो करत होता. पण मी तिथे उभी राहून पाहिलं की फवारा जिथे गेला तिथे मुंग्यासुद्धा हिरव्या होऊन पानांना चिकटून बसल्या.

मी नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, अगं, तू सुट्टी टाकून घरी ये, तोंड उघडू नकोस. मी गेले नाही. मुद्दाम थांबले. चिखलाचे बूट घालूनच थांबले.

दुपार कलल्यावर अर्बाब आला, म्हणजे हॉटेलचा मालक. बरोबर भाऊबंद, पाहुणे, आणि त्याची आई. ती मूळची किनाऱ्यावरच्या सहम गावची, तिथे तिची स्वतःची बाग आहे, हे मला नंतर समजलं. अंगात त्या बातिना किनाऱ्यावरच्या बायका घालतात तसे झळझळीत रंगाचे कपडे, डोक्यावर मोठी फुलाफुलांची ओढणी. मुलाच्या हाताला धरून ती सावकाश चालत होती. बाकीचे लोक इमारतीकडे मान वर करून बघत होते. ती एकटी खाली बघत होती. मध्येच थांबली आणि शेतावरची कुठलीही बाई करेल तसं सहज एक पान दोन बोटांत धरून चोळलं.

समुद्राच्या दमट हवेत रंग नीट वाळला नव्हता. तिची बोटं हिरवी झाली. तिनं बोटं नाकाशी नेली आणि काहीतरी विचारलं.

साहेब पुढे झाले. "मेडिसिन, ममा. दवा. फॉर प्लांट्स."

म्हातारीनं त्यांच्याकडे पाहिलं नाही. तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि तिची नजर माझ्यावर येऊन थांबली. चिखलाचे बूट घातलेली तिथे मी एकटीच बाई होते. रंगाला अरबीत काय म्हणतात ते मला ठाऊक होतं.

"सबग," मी म्हटलं.

तिनं भुवया वर करून अजून एक प्रश्न विचारला. तेवढं अरबी मला येत नव्हतं. भाई मागेच उभा होता.

"बाय, ती इचारतेय रंग कशाला."

"तिला सांगा, झाडं उपाशी आहेत ते दिसू नये म्हणून."

भाई घुटमळला. साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं तेही मला दिसलं. मग त्यानं सांगितलं, सावकाश, एकेक शब्द. म्हातारीनं ऐकलं, मुलाकडून कागदी रुमाल घेतला, बोटं पुसली, आणि तो हिरवा रुमाल मुलाच्याच हातात ठेवून आत गेली.

दुसऱ्या दिवशी पोर्टा केबिनमध्ये बैठक झाली. अर्बाब स्वतः आला होता. इंग्रजी आणि हिंदीत बोलणं चाललं होतं. साहेब फार व्यवस्थित बोलले. झाडांचा दर्जा, पाण्याची खराबी, पुरवठादार. आणि रंगाचं काय, असं अर्बाबनं विचारल्यावर म्हणाले, "ते लेबरनं स्वतःच्या मनानं केलं, सर. गवताचा कलरंट होता, त्याला फरक समजला नाही. ज्यानं केलं त्या माणसाला आपण परत पाठवतोय."

ज्यानं केलं तो माणूस म्हणजे माझ्याबरोबर चर उपसणारा तो मुका माळी. त्याला बैठकीला बोलावलंही नव्हतं. तो बाहेर पांढऱ्या दगडावरचं प्लास्टिक गुंडाळत होता.

मी आयुष्यात बऱ्याच वेळा रागावले आहे, पण तेव्हा जो राग आला तो वेगळाच होता. डोकं अगदी स्वच्छ होतं. मी मराठीत बोलले नाही, कारण मला ते अर्बाबला समजायला हवं होतं.

"त्यानं स्वतःच्या मनानं काही केलं नाही," मी म्हटलं. "साहेब समोर उभे राहून मारून घेत होते. मी तिथे होते. मी त्यांना थांबायला सांगितलं होतं. माती खराब आहे हेही मी झाडं लावायच्या आधी सांगितलं होतं."

"मॅडम इमोशनल झाल्या आहेत," साहेब म्हणाले.

मग भाई बोलला. त्याला कुणी विचारलं नव्हतं. घरी त्याची मुलं शिकत होती, व्हिसा कंपनीच्या हातात होता, आणि तो दाराशी टोपी हातात धरून उभा होता. "मैं भी उधर था, अर्बाब," तो म्हणाला. "साब ने बोला, हमने मारा. सब ने मारा. एक आदमी का नाम मत लो."

मला वाटलं आता अर्बाब साहेबांना काहीतरी बोलेल. माती बदला म्हणेल. तो उठला आणि म्हणाला, "खलास. माळ्याला राहू दे. आणि ही सगळी झाडं काढा. मला असं काहीतरी लावा ज्याला हा त्रास नाही."

माळी राहिला. तेवढं झालं, आणि ते मोठं होतं. पण ज्याला त्रास नाही असं साहेबांनी जे लावलं ते प्लास्टिक होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना प्लास्टिकच्या पानांच्या भिंती, मधे मधे प्लास्टिकची शेंदरी फुलं. मला कुणी रागावलं नाही. मला फक्त नर्सरीतच काम दिलं, साइटवर जाणं बंद. त्याचं कारण कुणी दिलं नाही, आणि विचारलं तेव्हा ट्रॅफिकमध्ये तुमचा वेळ जातो म्हणाले.

उपटलेली रुक्मिणी कचऱ्याच्या डब्यात जायची होती. म्हातारीनं निरोप पाठवला की ती सहमला पाठवून द्या. भाईनं ट्रक भरला आणि सुट्टीच्या दिवशी, चर्चहून आल्यावर, मी आणि मुलगी त्याच्याबरोबर गेलो. मुलीनं रंगलेली पानं तेव्हा पहिल्यांदा पाहिली. तिचं मराठी अडखळत चालतं, पण त्या दिवशी तिला शब्द शोधावे लागले नाहीत. "मम्मा, त्यांनी खरंच झाडांना पेंट केलं? त्यांना लाज नाही वाटली?"

"नाही," मी म्हटलं. "उलट हुशारी वाटली."

सहमच्या बागेत आंब्याची झाडं होती, खजूर होते, लिंबं होती. आंब्याखाली वर्षानुवर्षं पडलेल्या पानांचा जाड, काळपट थर होता, आणि कुठूनतरी सुक्या मासळीचा वास येत होता. खजुराच्या बुंध्यांशी घालायला त्यांनी ती साठवून ठेवली होती. मला एकदम आमच्या ओटीचा वास आला आणि मी तोंड फिरवून घेतलं. म्हातारी खुर्चीवर बसून सगळं बघत होती. तिच्या गड्यांनी चर घेतले, मी आंब्याखालचा पाला भरायला लावला, नर्सरीतून आणलेलं गंधक आणि लोह घातलं. रंगलेली सगळी पानं छाटून टाकली. उरले ते नुसते खुंट. म्हातारीनं भाईला विचारलं की हे जगतील का, आणि मी म्हटलं, सगळे नाही.

बरेचसे मेलेच. काही उन्हाळ्याआधी गेले, काही भर उन्हाळ्यात. रंग मारला नसता तर त्यातले कितीतरी वाचले असते, हे मी आजही शपथेवर सांगेन. पण जे आंब्याच्या अगदी खाली होते ते तगले. पुढच्या थंडीत आम्ही गेलो तेव्हा त्यांना स्वच्छ हिरवी पानं होती आणि एकदोघांना फुलं. म्हातारीनं मुलीच्या हातात एक झुबका दिला आणि आम्हाला हलवा आणि कहवा दिल्याशिवाय सोडलं नाही.

त्यानंतर काही काळानं मी कंपनी सोडली. आता लोकांच्या घरच्या बाल्कन्या, गच्च्या बघते. रोज कुणीतरी फोन करून विचारतं, ताई, पानं पिवळी पडलीत, कुठला स्प्रे मारू? मातीत काय आहे असं मी विचारलं की कुंडीचा फोटो पाठवतात. माती कुणी बघत नाही. कुंडी बघतात.

साहेब गेल्या वर्षी भेटले, मॉलमधल्या सुपरमार्केटमध्ये, भाजीच्या रांगेत. आता मोठ्या पदावर आहेत, दुसऱ्या कंपनीत. शर्ट तसाच, सुरकुतीशिवाय. बायको बरोबर होती. मनापासून आनंद झाल्यासारखं त्यांनी हात जोडले आणि बायकोला म्हणाले, "या मॅडम आमच्याकडे होत्या. झाडांच्या बाबतीत फार इमोशनल."

बायको हसली. तिचा काही दोष नव्हता.

"इमोशनल नाही," मी म्हटलं. "माझं ते शिक्षण आहे. तुम्ही झाडांना चुन्यात पुरलंत, वर रंग मारलात आणि एका गरीब माणसाच्या नावावर घातलंत. त्याला कुठला शब्द आहे ते तुम्हीच सांगा."

ते अजूनही हसत होते, पण आता ते हसू कुठे ठेवायचं ते त्यांना कळत नव्हतं. मागच्या बाईनं तिची ट्रॉली पुढे ढकलली. मी माझे कांदे आणि मेथीची जुडी वजनकाट्यावर ठेवली आणि काट्यावरच्या माणसाला म्हटलं, आधी माझं करा.